कार्यालयीन प्रिंटरमधील वीजबचत व्यवस्था : लाभ व मर्यादा
(विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

गोषवारा

कार्यालयीन प्रिंटर हे दिवसातील बहुतांश वेळ काम न करता केवळ सज्ज राहणारे उपकरण आहे. या रिकाम्या वेळेतील विजेचा वापर कमी करण्यासाठी प्रिंटरमध्ये वीजबचतीच्या निरनिराळ्या अवस्था योजिलेल्या असतात. त्यांच्यामुळे होणारी बचत खरी आहे. तथापि तिच्या मोबदल्यात प्रतीक्षा, संपर्कखंड, यंत्राची झीज आणि क्वचित कागदाचा अपव्यय अशी किंमत मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेमागील कार्यतत्त्व स्पष्ट करून, एका नमुना गणिताच्या आधारे बचत व किंमत यांचा ताळेबंद मांडला आहे. तसेच कारखान्याचे प्रवेशद्वार, लघुउद्योगाचे कार्यालय आणि महाविद्यालय या तीन ठिकाणी कोणती व्यवस्था योग्य ठरेल याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : वीजबचत, निद्रा अवस्था, फ्यूझर, प्रतीक्षा, कागदाचा अपव्यय, औद्योगिक पट्टा.

प्रस्तावना

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर या परिसराच्या औद्योगिकीकरणाला वेग आला. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली. पुढे चाकणला १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये मर्सिडीज-बेंझ व फोक्सवॅगन यांचे कारखाने सुरू झाले. मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लघुउद्योगांचे जाळे विणले गेले. या जाळ्यातून जसा माल फिरतो तसा कागदही फिरतो. बीजक, चलन, गेटपास, तपासणी अहवाल, मालावरील लेबल यांच्याशिवाय एकही टेम्पो प्रवेशद्वाराच्या आत किंवा बाहेर जात नाही.

या परिसराला विजेचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वितरण कंपनी वेगळी झाली, त्या काळात महाराष्ट्र तीव्र भारनियमनाला सामोरा जात होता. २००६ मध्ये भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने, उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून तुटीचा भार उचलावा व त्याचा जादा खर्च ग्राहकांकडून विश्वासार्हता आकाराच्या रूपाने वसूल व्हावा, अशी योजना पुणे परिसरात राबविली गेली. ‘पुणे मॉडेल’ या नावाने ती ओळखली जाते. न वापरलेली वीज हीच सर्वांत स्वस्त वीज होय, हा धडा त्या काळाने दिला.

आज महाविद्यालयांतही ऊर्जा परीक्षण होते. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यातील सातव्या निकषात ऊर्जासंवर्धनाच्या उपाययोजनांची नोंद अपेक्षित होती. अशा नोंदींत ‘सर्व प्रिंटर वीजबचत व्यवस्थेवर ठेवले आहेत’ असे वाक्य सहज लिहिले जाते. ते वाक्य नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रिंटर वीज कोठे खर्च करतो?

लेझर प्रिंटरमध्ये प्रकाशसंवेदी ड्रमवर विद्युतभाराच्या साहाय्याने टोनरची भुकटी चिकटते व तेथून ती कागदावर उतरते. या टप्प्यावर अक्षरे केवळ भुकटीच्या स्वरूपात असतात. बोट फिरवले तर पुसली जातील. ती कागदावर पक्की करण्याचे काम फ्यूझर हा भाग करतो. सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या रुळामधून कागद दाबाने सरकतो आणि टोनर वितळून कागदाच्या तंतूंत बसतो. प्रिंटरला लागणाऱ्या विजेचा सर्वांत मोठा वाटा या उष्णतेचा असतो. लेझर प्रिंटर हा एका अर्थाने अक्षरे उमटवणारा विजेचा तवाच होय. तवा गरम ठेवला तर पोळी लगेच भाजता येते, परंतु पोळी नसतानाही इंधन जळत राहते. तवा विझवला तर इंधन वाचते, परंतु पुढच्या पोळीसाठी थांबावे लागते. वीजबचतीचा सारा प्रश्न या एका निवडीत सामावला आहे.

इंकजेट प्रिंटरमध्ये फ्यूझर नसतो. तेथे शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर सोडले जातात, त्यामुळे छपाई करतानाही वीज अल्प लागते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सुयांच्या आघाताने शाईची फीत कागदावर दाबतो. त्यालाही तापण्याची गरज नसते आणि कार्बनच्या प्रती एकाच वेळी निघतात. माल पाठवताना बीजकाच्या तीन प्रती काढण्याची तरतूद वस्तू व सेवा कराच्या नियमांत आहे. लघुउद्योगांच्या मालपाठवणी कक्षात हा जुना, खडखडाट करणारा प्रिंटर अद्याप का टिकून आहे, याचे एक कारण येथे सापडते.

वीजबचतीच्या अवस्था

सामान्यतः लेझर प्रिंटरच्या चार अवस्था मानता येतात. पहिली छपाईची अवस्था. दुसरी सज्ज अवस्था. हिच्यात फ्यूझर तापलेला किंवा कोमट ठेवला जातो. तिसरी निद्रा अवस्था; हिच्यात फ्यूझर, पंखे व पडदा बंद होऊन केवळ नेटवर्कवरून येणारी आज्ञा ऐकण्याइतकाच भाग जागा राहतो. चौथी स्वयंचलित बंद अवस्था. हिच्यात प्रिंटर जवळजवळ पूर्णपणे बंद होतो व बहुधा हाताने बटण दाबूनच सुरू करावा लागतो.

या व्यवस्थांना चालना मिळाली ती धोरणांमुळे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ हा ऐच्छिक कार्यक्रम संगणक व मॉनिटरपासून सुरू केला आणि १९९३ मध्ये त्यात प्रिंटरचा समावेश झाला. रिकाम्या उपकरणाचा वापर एका वॉटपर्यंत खाली आणावा, ही कल्पना आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये उचलून धरली. युरोपीय संघाने २००८ च्या नियमाद्वारे प्रतीक्षा अवस्थेतील विजेवर सक्तीची मर्यादा घातली. भारतात ऊर्जासंवर्धन अधिनियम २००१ चा असून त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना झाली. ब्यूरोच्या ऐच्छिक लेबल योजनेत प्रिंटर, कॉपियर यांसारख्या कार्यालयीन उपकरणांनाही स्थान देण्यात आले. जगभर हीच यंत्रे विकली जात असल्याने दूरच्या देशातील नियमाचा परिणाम भोसरीतील टेबलावरच्या प्रिंटरमध्येही दिसतो.

येथे एक गल्लत टाळणे आवश्यक आहे. टोनरची बचत करणारी व्यवस्था आणि विजेची बचत करणारी व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत. टोनरबचतीत अक्षरे फिकट छापली जातात. त्यामुळे विजेत लक्षणीय फरक पडत नाही. मात्र बीजकावरील दाट क्यूआर कोड किंवा मालावरील बारकोड फिकट उमटल्यास तो वाचकयंत्राला वाचता येत नाही. इ-बीजकाची सक्ती १ ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या उद्योगांना लागू झाली आणि टप्प्याटप्प्याने उलाढालीची मर्यादा उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांपर्यंत आली. तेव्हापासून ही बाब अनेक लघुउद्योगांच्याही दृष्टीने महत्त्वाची ठरली आहे.

नमुना गणित

पुढील आकडे एखाद्या विशिष्ट यंत्राचे नसून केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरलेले आहेत. वाचकांनी आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकातील आकडे घालून हेच गणित करावे.

समजा, कार्यालयातील लेझर प्रिंटर छपाई करताना ५०० वॉट, सज्ज अवस्थेत ५० वॉट व निद्रा अवस्थेत २ वॉट वीज घेतो. जागे होण्यास २० सेकंद लागतात व त्या वेळी तो ९०० वॉट घेतो. म्हणजे एका जागरणाचा खर्च ५ वॉट-तास. महिन्यात कामाचे दिवस २५ आणि प्रत्यक्ष छपाई रोज अर्धा तास.

(१) निद्रा अवस्था बंद करून प्रिंटर अहोरात्र सज्ज ठेवला, तर कामाच्या दिवशी २५० अधिक १,१७५ असे १,४२५ वॉट-तास आणि सुट्टीच्या दिवशी १,२०० वॉट-तास खर्च होतात. महिन्याची बेरीज सुमारे ४१.६ युनिट होते.

(२) पंधरा मिनिटे काम न आल्यास निद्रा, अशी योजना केली व दिवसात दहा वेळा प्रिंटर जागा झाला, तर सज्ज अवस्थेचे सुमारे तीन तास धरून दिवसाचा खर्च ४९१ वॉट-तास होतो. सुट्ट्यांसह महिन्याची बेरीज सुमारे १२.५ युनिट.

(३) याशिवाय रोज सायंकाळी व सुट्टीत भिंतीवरील बटणही बंद केले, तर आणखी सुमारे एक युनिट वाचते.

(४) भिंतीवरील बटण चालूच ठेवून निद्रेचा कालावधी पंधरा मिनिटांऐवजी एक मिनिट केला व त्यामुळे प्रिंटर दिवसात तीस वेळा जागा झाला, तर दिवसाचा खर्च सुमारे ४७१ वॉट-तास होतो. दुसऱ्या योजनेच्या तुलनेत ही बचत रोज २० वॉट-तास, म्हणजे महिन्याला अर्धा युनिट.

या गणितातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. निद्रा अवस्था मुळात सुरू करणे हे मोठे पाऊल होय. त्यातून महिन्याला सुमारे २९ युनिट वाचतात. त्यापुढची कसोशी फारच अल्प फळ देते. चौथ्या योजनेत अर्ध्या युनिटासाठी रोज वीस वेळा अधिक, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे जवळपास सात मिनिटे कोणी ना कोणी प्रिंटरसमोर उभे राहते.

किती वेळाने निजावे?

प्रिंटरला पुढचे काम केव्हा येणार हे ठाऊक नसते. मग त्याने किती वेळ जागे राहावे? हा प्रश्न बसच्या तिकिटाच्या प्रश्नासारखा आहे. महिन्यात किती दिवस प्रवास घडेल हे माहीत नसलेल्या प्रवाशाने पास काढावा की रोज तिकीट घ्यावे? संगणकशास्त्रात याचे उत्तर सिद्ध झाले आहे : तिकिटांवरील खर्च पासच्या किमतीइतका होईपर्यंत तिकीट घ्यावे आणि मग पास काढावा. असे केल्यास, पुढचे सारे आधीच ठाऊक असते तर जो किमान खर्च आला असता, त्याच्या दुपटीहून अधिक खर्च कधीही होत नाही.

आपल्या उदाहरणात सज्ज राहण्याचा जादा खर्च ४८ वॉट आणि जागे होण्याचा खर्च ५ वॉट-तास आहे. भागाकार केल्यास सुमारे सव्वासहा मिनिटे येतात. म्हणजे केवळ विजेच्या दृष्टीनेही सहा मिनिटांच्या आत पुढचे काम येणार असेल तर निजणे तोट्याचे आहे. जुन्या, दोन मिनिटे तापत बसणाऱ्या यंत्रात हाच कालावधी सदतीस मिनिटांवर जातो. पातळ आवरणाचा फ्यूझर असलेल्या व पाच सेकंदांत तापणाऱ्या यंत्रात तो दीड मिनिटाच्या आसपास येतो. अल्प निद्रेत फ्यूझर पूर्ण थंड होत नसल्याने प्रत्यक्षात हे आकडे थोडे कमी भरतील. तरीही सर्व प्रिंटरना एकच कालावधी लावणारे परिपत्रक शास्त्रीय ठरत नाही, हे यावरून दिसून येते.

बचतीची किंमत

पहिली किंमत कागदाची. प्रिंटर निद्रेतून उठण्यास वेळ लावतो तेव्हा वापरकर्त्याला आज्ञा पोहोचलीच नाही असे वाटते. तो पुन्हा आज्ञा देतो आणि थोड्या वेळाने दोन प्रती बाहेर पडतात. ८० ग्रॅमच्या ए-चार कागदाचे वजन ५ ग्रॅम असते. मिनिटाला पंचवीस पाने छापणाऱ्या आपल्या नमुना प्रिंटरला एक पान छापण्यास एक तृतीयांश वॉट-तास पुरतो. तो कागद गिरणीत तयार होताना मात्र दहा वॉट-तासांहून अधिक ऊर्जा खर्च झालेली असते. चौथ्या योजनेतील रोजची २० वॉट-तासांची बचत दोन अनावश्यक पानांनी धुऊन निघते. उलट, दोन्ही बाजूंनी छपाई करण्याची सवय निद्रेच्या कालावधीतील कोणत्याही काटकसरीहून अधिक ऊर्जा वाचवते.

दुसरी किंमत संपर्काची. गाढ निद्रेत काही यंत्रांचे नेटवर्क कार्ड अर्धवट झोपते व संगणकाच्या पडद्यावर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागतो. रात्रभर बंद राहिलेल्या प्रिंटरला सकाळी नवा आयपी पत्ता मिळाल्यास संगणक त्याला जुन्या पत्त्यावर शोधत राहतो. यावर कायमस्वरूपी पत्ता देणे हा साधा उपाय आहे. पण तो न केल्याने वीजबचतीलाच दोष दिला जातो.

तिसरी किंमत यंत्राची. वारंवार तापणे व निवणे याचा ताण फ्यूझरवर पडतो. तापताना विजेची मागणी एकदम उसळते. म्हणूनच लेझर प्रिंटर लहान यूपीएसवर जोडू नये अशी सूचना उत्पादक देतात. इंकजेटमध्ये प्रश्न वेगळा आहे. तो स्वतःच्या बटणाने बंद केल्यास शाईचे तोंड झाकले जाते. थेट भिंतीवरील बटणाने बंद केल्यास ते उघडे राहून शाई वाळू शकते, आणि पुढे ते साफ करण्यात शाई वाया जाते. विजेचे काही पैसे वाचवताना शाईचे रुपये जातात. पावसाळ्यात आणखी एक बाब लक्षात घ्यावी. मोठ्या कॉपियरच्या कागदखणात दमटपणा रोखणारा तापक बसवलेला असल्यास तो मुख्य बटण बंद असतानाही चालावा अशी रचना असते; भिंतीवरून वीज तोडली की तोही थांबतो व कागद अडकू लागतात.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित किंमत वेळेची होय. ती कोण मोजतो हे पाहणे आवश्यक आहे. विजेचे बिल व्यवस्थापनाच्या खात्यावर येते. प्रतीक्षा लिपिकाच्या, चालकाच्या किंवा खिडकीसमोरील विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका कार्यालयात लिपिकाने प्रिंटरची निद्रा अवस्था परस्पर बंद करून टाकली होती. ऊर्जा परीक्षणाच्या कागदावर ती चालू होती. विचारले असता, ‘सर, दाखल्यासाठी रांग लागते तेव्हा मला ऐकून घ्यावे लागते,’ एवढेच उत्तर मिळाले. त्या उत्तरात या विषयाचे मर्म आहे. ज्याला गैरसोय सोसावी लागते त्याला विचारल्याशिवाय लादलेली बचत प्रत्यक्षात टिकत नाही, ती फक्त अहवालात टिकते. वरील गणितातील पहिली योजना, म्हणजे ४१.६ युनिटांची, बहुधा अशाच रीतीने गुपचूप परत येते.

स्थळपरत्वे योजना

मोठ्या कारखान्यांना ठरलेल्या वेळीच सुटे भाग लागतात. माल भरलेली गाडी बीजकासाठी थांबणे म्हणजे पुढची साखळी थांबणे. त्यामुळे मालपाठवणी कक्षातील प्रिंटर कामाच्या पाळीत सज्ज ठेवावा, निद्रेचा कालावधी अर्ध्या तासाचा असावा आणि टोनरबचत टाळावी. मात्र पाळी संपल्यानंतर व सुट्टीत निद्रा असलीच पाहिजे. भोसरी-चाकण परिसरातील अनेक लघुउद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. नमुना गणितानुसार सज्ज अवस्थेत विसरलेला एक प्रिंटर अशा एका दिवशी १.२ युनिट फुकट घालवतो.

लघुउद्योगाच्या कार्यालयात दिवसात मोजकीच छपाई होते. तेथे यंत्राच्या तापण्याच्या वेळेनुसार पाच ते पंधरा मिनिटांचा कालावधी पुरेसा आहे. छपाई अगदी अल्प असेल तर नव्या खरेदीच्या वेळी फ्यूझर नसलेल्या प्रिंटरचा विचार करावा.

महाविद्यालयात कामाची लय हंगामी असते. प्रवेश व परीक्षा या काळात खिडकीवरील प्रिंटरचा कालावधी वाढवावा व सुट्टीत तो कमी करावा. जेथे प्रश्नपत्रिका ऑनलाइन येऊन परीक्षेच्या सकाळी छापल्या जातात, तेथे प्रिंटर अर्धा तास आधी जागा करून एक चाचणी पान काढणे हा परीक्षा विभागाच्या कामकाजाचाच भाग मानावा. स्वयंचलित बंद अवस्था अशा यंत्रावर ठेवू नये. विभागातील प्राध्यापकांच्या खोलीत, जेथे दिवसाला चार-सहा पाने निघतात, तेथे मात्र अल्प कालावधीची निद्रा निःसंकोच ठेवावी; वीस सेकंद थांबणे आपणास परवडणारे आहे.

निष्कर्ष

१. निद्रा अवस्था सुरू असणे हीच खरी बचत होय. तिचा कालावधी कमीत कमी करण्याने होणारी वाढीव बचत नगण्य असते.
२. निद्रेचा योग्य कालावधी यंत्राच्या तापण्याच्या खर्चावरून काढता येतो. तो सर्वत्र सारखा नसतो.
३. वाया गेलेली काही पाने विजेची दिवसभराची बारीक बचत पुसून टाकू शकतात. म्हणून दुहेरी छपाईला अग्रक्रम द्यावा.
४. यंत्र वापरणाऱ्या कर्मचाऱ्याला विश्वासात घेऊन ठरवलेला कालावधीच टिकाऊ ठरतो.

ऊर्जा परीक्षणाच्या अहवालात यापुढे ‘प्रिंटर वीजबचत व्यवस्थेवर आहेत’ एवढेच न लिहिता, कोणता प्रिंटर, किती मिनिटांनी निजतो आणि तो कालावधी कोणाला विचारून ठरवला, हे तीन रकाने भरले गेले तर त्या नोंदीला अर्थ येईल. हे काम करण्यासाठी निधीची किंवा समितीची आवश्यकता नाही. आपल्या विभागातील प्रिंटरची मांडणी उघडून पाहणे आणि लिपिकाशी पाच मिनिटे बोलणे एवढेच पुरेसे आहे.